कंट्रीच्या सुरांतून ऐकू येणारी मॉर्मन श्रद्धा

दूरचा_पाऊस (धागाकर्ता)

अमेरिकी कंट्री संगीत म्हटले की टेनेसी, केंटकी आणि तिथल्या बाप्टिस्ट चर्चांमधले गाणे हाच संदर्भ बहुतेकांच्या मनात येतो. परंतु कंट्रीच्या अंगाने जाणारे जे संगीत मी गेली कित्येक वर्षे सर्वाधिक जिव्हाळ्याने ऐकत आलो आहे, त्याच्या मुळाशी निराळाच पंथ आहे. तो म्हणजे युटा राज्यात केंद्र असलेला मॉर्मन पंथ. मी त्या पंथाचा नाही आणि त्याची शिकवण स्वीकारण्याचा माझा विचारही नाही. तरीही या संगीतामुळे त्या श्रद्धेविषयी मी जितका विचार केला, तितका तिच्यावरचे लेख वाचूनही झाला नव्हता. त्याविषयी सविस्तर लिहावे आणि इथल्या जाणकारांचे ऐकावे, यासाठी हा धागा.

पहिला गट 'लो'. मिनेसोटातील डुलूथ या सुपीरिअर सरोवराकाठच्या बंदराच्या गावी १९९३ साली अ‍ॅलन स्पारहॉक आणि त्याची पत्नी मिमी पार्कर या मॉर्मन दांपत्याने तो सुरू केला. कर्कश गिटारींचा आणि आरडाओरड्याचा तो काळ होता. या दोघांनी मात्र अत्यंत विलंबित लयीत, जवळजवळ कुजबुजल्यासारखे गायला सुरुवात केली. मिमी उभ्याने वाजवत असे. तिच्यासमोर रॉक गटात असतो तसा ढोलांचा मोठा संच नसे. एक-दोन ढोल, एक झांज आणि हातात काठ्यांऐवजी तारांचे ब्रश, एवढ्यावर ती संपूर्ण गाणे तोलून धरत असे. वाद्ये इतकी कमी ठेवल्यामुळे सगळा भार दोन कंठांवर येई, आणि तिथेच कंट्रीचा वारसा स्पष्ट ऐकू येतो. मिमीची आई तरुणपणी कंट्री गायिका होऊ पाहत होती, आणि लहानपणापासून घरातच दुसरा स्वर धरून गाण्याची सवय मिमीला लागली होती. कार्टर फॅमिली किंवा लूव्हिन बंधू या जुन्या कंट्री गटांच्या गाण्यात एकाच घरातले दोन आवाज जसे जवळच्या अंतराने, श्वासासकट एकत्र चालतात, तशीच चाल या पतिपत्नींची आहे. मुख्य गायक कोण आणि साथ कोणाची, हे पुष्कळदा सांगता येत नाही.

ही कंट्रीची बाजू त्या क्षेत्रातल्या लोकांनीही ओळखली. २०१० साली 'लेड झेपेलिन' या रॉक गटाचे गायक रॉबर्ट प्लांट यांनी कंट्रीचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या वादकांना घेऊन केलेल्या गाण्यांच्या संग्रहात (अल्बममध्ये) 'लो'ची दोन गाणी घेतली. २०१३ मध्ये 'विल्को' या गटाचे जेफ ट्वीडी यांनी 'लो'चा 'द इन्व्हिजिबल वे' हा संग्रह शिकागोत ध्वनिमुद्रित केला. त्यातल्या अकरा गाण्यांपैकी पाच मिमीने मुख्य आवाजात गायली आहेत. त्यातलेच पवित्र आत्म्याविषयीचे एक गाणे त्याच वर्षी मेव्हिस स्टेपल्स यांनी आपल्या संग्रहात गायले. मॉर्मन पतिपत्नींनी रचलेले गाणे कृष्णवर्णीयांच्या गॉस्पेल या भक्तिगीतांच्या परंपरेतली ज्येष्ठ गायिका आपलेसे करते, आणि त्यात कुठेही सांधा दिसत नाही, याचे मला फार अप्रूप वाटते.

दुसरा संग्रह 'द किलर्स' या लास व्हेगासच्या गटाचा, २०२१ मध्ये आलेला 'प्रेशर मशीन'. त्यांचा गायक ब्रँडन फ्लॉवर्स हा जाहीरपणे मॉर्मन आहे. झगमगीत सिंथेसायझरच्या गाण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गटाचे दौरे करोनाच्या काळात रद्द झाले, तेव्हा फ्लॉवर्सने आपण बालपणी आणि पौगंडावस्थेत जिथे राहिलो त्या युटामधील नीफाय या लहानशा गावावर पूर्ण संग्रह रचला. गावाचे नावच मुळी मॉर्मन धर्मग्रंथातल्या एका संदेष्ट्यावरून ठेवलेले आहे. बहुतेक गाण्यांच्या आधी तिथल्या रहिवाशांचे ध्वनिमुद्रित बोल येतात आणि त्यानंतर हार्मोनिका, व्हायोलिन, साधी गिटार. रेल्वेखाली सापडून मेलेली तरुण मुले, वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन, घोड्यांच्या खेळांच्या जत्रा, आणि या सगळ्यावर पसरलेली चर्चची सावली असे या गाण्यांचे विषय आहेत. पहिल्याच गाण्यातला माणूस सांगतो, की बाकीचे लोक देवाला चर्चमध्ये भेटत होते तेव्हा मी पश्चिमेकडच्या टेकड्यांवर जात होतो. पुढे तो अमली पदार्थ बाळगल्याबद्दल पकडला जातो, तरी देवाच्या दयेवरचा आपला हक्क सोडत नाही.

मला जाणवते ते असे. या दोन्ही गटांच्या गाण्यांत धर्मप्रचार नाही. शंका आहे, भीती आहे, कधी कधी रागही आहे. पण शंका घेणारा माणूस दार आपटून बाहेर गेलेला नाही. तो त्याच घरात, त्याच माणसांबरोबर उभा राहून शंका गातो. कंट्री संगीताने शनिवारच्या रात्रीची मौज आणि रविवारच्या सकाळची उपासना या दोन्हींना एकाच माणसाच्या आयुष्यात जागा दिली, म्हणूनच हे इथे शक्य झाले असावे. आपल्याला काय वाटते?

ओंजळ

लेख आवडला. 'लो'ची दोन गाणी लगेच ऐकली आणि दुसऱ्यांदाही ऐकली. माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. मॉर्मन म्हणजे बहुपत्नीत्व मानणारे लोक, एवढेच मी आजवर ऐकत आले आहे. ते ख्रिस्तीच आहेत का? आणि या पंथात गाण्याला खरोखरच असे विशेष स्थान आहे, की हे दोन कलावंत योगायोगाने त्या पंथाचे निघाले?

दूरचा_पाऊस

ओंजळताई, जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात या चर्चची स्थापना केली. 'येशू ख्रिस्ताचे उत्तरकालीन संतांचे चर्च' अशा अर्थाचे त्याचे पूर्ण नाव आहे, आणि २०१८ पासून चर्चच्या नेतृत्वाने 'मॉर्मन' ऐवजी पूर्ण नावच वापरावे असा आग्रह धरला आहे. इथे सर्वांना परिचित शब्द म्हणून मी मॉर्मन लिहितो. त्यात अनादर नाही. बहुपत्नीत्व पूर्वी होते. १८९० मध्ये चर्चच्या तत्कालीन अध्यक्षांनी त्याला विराम देणारे जाहीर निवेदन काढले. आज बहुपत्नीत्व चालवणारे जे छोटे गट दिसतात ते मुख्य चर्चपासून फुटून निघालेले आहेत.

गाण्याबद्दल विचारलेत, तर योगायोग मुळीच नाही. चर्च स्थापन होऊन अवघे तीन महिने झाले होते, तेव्हा म्हणजे जुलै १८३० मध्ये, जोसेफ स्मिथ यांच्या पत्नी एमा यांना गीतांचा संग्रह करण्याची आज्ञा झाली, असे त्यांच्या धर्मग्रंथात नोंदलेले आहे. नीतिमानांचे गाणे ही माझ्याप्रत केलेली प्रार्थनाच आहे, असे देव तिथे म्हणतो. पुढे १८४७ च्या जानेवारीत, पश्चिमेकडच्या प्रवासात हिवाळ्यासाठी अडकून पडलेल्या लोकांना स्मिथ यांच्यानंतर पंथाचे नेते झालेल्या ब्रिगहॅम यंग यांनी जो संदेश दिला, त्यात आनंद झाला असेल तर गाण्याने, वाद्यांनी आणि नाचाने देवाची स्तुती करा, असे स्पष्ट सांगितले आहे. नाचाला परवानगी देणारा हा पंथ दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी मात्र वर्ज्य मानतो. दारूच्या गुत्त्यावर वाढलेल्या कंट्री संगीताशी या पंथाचे नाते त्यामुळेच जरा वेगळे राहिले.

वॉसॅचकर

मी सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला राहतो. आमच्या गल्लीतील बहुतांश घरे याच चर्चची आहेत, त्यामुळे शेजाऱ्यांच्या निमंत्रणावरून रविवारच्या उपासनेला जाण्याचा योग अनेकदा आला. तिथले गाणे प्रत्यक्ष कसे असते ते सांगतो, कारण धागाकर्त्यांनी 'लो'च्या दोन आवाजांबद्दल जे लिहिले आहे त्याचा उगम तिथेच आहे, असे माझे मत आहे.

प्रार्थनागृह अगदी साधे असते. वेदीवर क्रूस नाही, मूर्ती नाही, रंगीत काचाही क्वचितच. पगारी पाळक नसतो. बिशप म्हणून काम पाहणारा गृहस्थ इतर दिवशी दंतवैद्य किंवा विमा एजंट असतो. प्रभुभोजनाच्या वेळी बारा-तेरा वर्षांची मुले पांढरा सदरा आणि टाय घालून भाकरीचे तुकडे आणि पाण्याच्या इवल्याशा पेल्यांची तबके रांगारांगांतून फिरवतात. द्राक्षारस नाही, पाणी. आणि मग ऑर्गन सुरू होतो. बाकांच्या पाठीला अडकवलेल्या गीतपुस्तकांत प्रत्येक गीत चार आवाजांच्या स्वरलिपीसह छापलेले असते. माझ्या शेजारी बसणाऱ्या आजी, ज्यांनी संगीताचे रीतसर शिक्षण घेतल्याचे मी कधी ऐकले नाही, त्या पुस्तकातली खालची ओळ बोटाने दाखवत आल्टोचा, म्हणजे स्त्रियांच्या खालच्या आवाजाचा स्वर बिनचूक गातात, मागच्या बाकावरचे गृहस्थ खर्ज धरतात, आणि मुलेही आपसूक कुठला तरी स्वर पकडतात. आपल्याकडे समूहाने गायचे म्हणजे सर्वांनी एकाच स्वरात गायचे. इथे प्रत्येकाने आपापली वेगळी ओळ सांभाळून दुसऱ्याशी जुळवून घ्यायचे असते. आठवड्यामागून आठवडे, लहानपणापासून म्हातारपणापर्यंत हे करणाऱ्या समाजातून हार्मनी गाणारे लोक निघाले नसते तरच नवल होते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो आणि त्या दिवशी ठरलेली प्रवचने नसतात. ज्याला वाटेल त्याने उठून पुढे जावे आणि साक्ष द्यावी. आजारपण, नोकरी गेल्याचे दुःख, मुलगा घर सोडून गेल्याची व्यथा, हे सगळे मी तिथे ऐकले आहे, आणि बोलता बोलता रडू कोसळले तर कोणाला संकोच वाटत नाही. कंट्रीतले गाणे ज्या सुरात माणसाची कहाणी सांगते, तो सूर मला या साक्षींमध्ये ऐकू येतो. 'प्रेशर मशीन'मध्ये गावकऱ्यांचे बोल गाण्याआधी ठेवले आहेत, ते मला याच रविवारच्या साक्षींचे रूप वाटते.

आता एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. या उपासनेत ऑर्गन किंवा पियानो हीच नेहमीची वाद्ये. पितळी वाद्ये आणि तालवाद्ये तिथे अनेक वर्षे बहुधा योग्य मानली जात नव्हती. म्हणजे मिमी पार्करचा ढोल तिच्याच चर्चच्या रविवारच्या उपासनेत वाजला नसता. 'लो'मधला तो संयमित, ब्रशने वाजवलेला ताल ऐकताना मला या नियमाची आठवण येते. ती दोघे त्या शांततेचा भंग न करता तिच्यात ताल शोधत होती, असे वाटते.

ओंजळ

वॉसॅचकर, खूप आभार. त्या आजींचे बोट डोळ्यांसमोर आले. यांची अशी एखादी रचना आहे का, जी सर्वांना पाठ असते?

वॉसॅचकर

आहे, आणि तिची कथा या धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. १८४४ मध्ये जोसेफ स्मिथ यांची इलिनॉयच्या तुरुंगात जमावाने हत्या केली. त्यानंतर १८४६ च्या फेब्रुवारीत मॉर्मन लोकांनी नॉवू हे आपले शहर सोडून पश्चिमेकडे जायला सुरुवात केली. आयोवाच्या त्या वसंतात पाऊस आणि चिखल इतका होता, की गाड्या एका दिवसात जेमतेम काही मैल सरकत. विल्यम क्लेटन हे लेखनिक त्या तांड्यात होते आणि त्यांची गरोदर पत्नी डायँथा मागे नॉवूत राहिली होती. १५ एप्रिलला तिला मुलगा झाल्याची बातमी त्यांना मिळाली, आणि त्याच दिवशी त्यांनी एका जुन्या इंग्रजी लोकधुनेवर 'कम, कम, ये सेंट्स' हे गीत लिहिले. सर्व काही ठीक आहे, असे त्याचे पालुपद आहे. शेवटच्या कडव्यात मात्र, आम्ही मुक्कामाला पोहोचण्याआधी मेलो तरीही सर्व काही ठीक आहे, असे ते म्हणते.

हे वरवरचे समाधान नव्हते, याची प्रचीती पुढे दहा वर्षांनी आली. बैलगाड्यांचा खर्च परवडत नसलेल्या, बहुतेक ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांनी हातगाड्या ओढत हा प्रवास करावा, अशी योजना १८५६ मध्ये निघाली. त्या वर्षी उशिरा निघालेल्या विली आणि मार्टिन या दोन तांड्यांना ऑक्टोबरात वायोमिंगमध्ये बर्फाने गाठले आणि दोनशेहून अधिक माणसे वाटेतच दगावली. आजही २४ जुलै, म्हणजे १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरले तो दिवस, युटामध्ये सुट्टीचा असतो. उन्हाळ्यात किशोरवयीन मुले जुन्या पद्धतीचे कपडे घालून हातगाड्या ओढत काही दिवसांचा प्रवास करतात. वारीची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना त्या चालण्यामागची भावना समजावून सांगावी लागत नाही.

पंचमस्वर

मी स्टील गिटारचा अभ्यासक आहे, म्हणून वाद्याच्या बाजूने भर घालतो. या विषयात एक दुवा असा आहे, जो कंट्रीच्या चाहत्यांनाही सहसा ठाऊक नसतो.

कंट्री गाण्यात जो लांबत जाणारा, रडवेला स्वर ऐकू येतो तो पेडल स्टील गिटारचा. हे वाद्य टेबलासारखे आडवे असते. डाव्या हातात लोखंडी दांडी धरून ती तारांवरून सरकवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या, आणि त्याच वेळी पायांखालच्या पट्ट्या व गुडघ्याजवळच्या खिट्ट्या दाबून ठरावीक तारांचाच ताण बदलायचा. त्यामुळे एक तार जागच्या जागी स्थिर राहते आणि तिच्या शेजारची मींड घेत वर चढते. दोन स्वरांमधले नाते वाजता वाजता बदलते, हे या वाद्याचे सगळे सौंदर्य. १९५४ च्या सुमारास एका लोकप्रिय कंट्री गाण्यात बड आयझॅक्स यांनी पेडलचा हा परिणाम पहिल्यांदा ठळकपणे ऐकवला आणि पाहता पाहता तो कंट्रीचा आवाज झाला.

पण आडव्या गिटारवर लोखंड सरकवण्याची मूळ कल्पना हवाईची. तिचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू यांना दिले जाते, आणि ते ओआहू बेटावरच्या लाइए या गावचे. मॉर्मन चर्चने लाइए इथली जमीन १८६५ मध्ये विकत घेऊन तिथे आपल्या हवाईयन अनुयायांची वसाहत केली होती. १८८० च्या दशकाच्या अखेरीस तिथला हा शाळकरी मुलगा गिटारवर लोखंडी वस्तू सरकवून स्वर काढू लागला, पुढे अमेरिका आणि युरोपभर फिरला, आणि त्याच्या वादनाच्या लाटेतून स्टील गिटार मुख्य भूमीवरच्या कंट्री गाण्यात शिरली. कंट्रीचा सर्वांत ओळखीचा आवाज एका मॉर्मन वस्तीत जन्मला, हे त्या वाद्यावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

त्याच लाइए गावात वाढलेले टाऊ मो हे वादक. १९१९ मध्ये तिथे मॉर्मन मंदिर झाले, आणि त्या मंदिरासाठी सामोआहून आलेल्या कुटुंबांपैकी त्यांचे एक कुटुंब होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टाऊ मो आपल्या कुटुंबासह कलकत्त्यात राहिले, तिथे त्यांनी वाजवले आणि शिकवले. भारतात हवाईयन गिटारची जी आवड रुजली, तिच्यात त्यांचा मोठा वाटा आहे. हजारा सिंग आणि व्हॅन शिप्ली यांनी हिंदी चित्रपटांच्या चाली गिटारवर वाजवलेल्या तबकड्या ज्यांच्या घरी होत्या, त्यांनी या आवाजाची एक शाखा लहानपणीच ऐकली आहे.

नगरी

मी अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती घरातला आहे, तेव्हा ओंजळताईंच्या पहिल्या प्रश्नाला, मॉर्मन ख्रिस्ती आहेत का, याला माझ्या परीने उत्तर देतो. ते स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात आणि येशूला तारणारा मानतात. परंतु बहुतेक इतर चर्चे त्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य धरत नाहीत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकाच तत्त्वाचे त्रैक्य, ही आमची श्रद्धा. त्यांच्या मते ती तीन स्वतंत्र व्यक्तिमत्त्वे असून हेतूने एक आहेत. आमच्यासाठी धर्मग्रंथ बायबल; ते त्यासोबत जोसेफ स्मिथ यांनी दिलेले ग्रंथही पवित्र मानतात. हे भेद लहान नाहीत आणि सौजन्यापोटी ते झाकू नयेत, असे मला वाटते.

तरी गीतांच्या बाबतीत मी त्यांच्याकडे आपुलकीने पाहतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग आणि ओवीत ख्रिस्ताला आणले, म्हणून आमच्या उपासनेत आजही टाळ आणि पेटी आहे. लोकांचे गाणे चर्चमध्ये घ्यायचे की नाही, हा प्रश्न प्रत्येक चर्चपुढे येतो. मॉर्मन चर्चने वाद्यांच्या बाबतीत तो फार जपून हाताळला, पण चालींच्या बाबतीत दारे उघडत आहेत. त्यांच्या नव्या गीतसंग्रहाची पहिली गीते २०२४ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाली. त्यांत 'अमेझिंग ग्रेस' आहे, आणि चिमणीवरही देवाची नजर आहे असे सांगणारे ते प्रसिद्ध गॉस्पेल गीतही आहे. ही दोन्ही गीते कंट्री गायकांनी शंभर वर्षे तोंडात घोळवली आहेत.

आणि एक स्थानिक नोंद. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचे स्कॉटिश मॉर्मन मिशनरी मुंबईला उतरले आणि पुण्यातही त्यांनी छोटीशी मंडळी जमवली होती. ती टिकली नाही. पण ज्या काळात हातगाड्यांचे तांडे अजून निघायचे होते, त्या काळात पुण्याच्या लष्करी वस्तीजवळ हा पंथ पोहोचला होता, हे बहुतेक पुणेकरांना माहीत नसेल.

अनाहत

चर्चा फार चांगली चालली आहे, परंतु एक बाजू राहून जाते आहे असे वाटते, म्हणून लिहितो. १९७८ पर्यंत या चर्चमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद मिळत नव्हते. समलिंगी जोडप्यांच्या मुलांना बाप्तिस्मा नाकारणारे धोरण २०१५ मध्ये आणले गेले आणि २०१९ मध्ये मागे घेतले गेले. गाण्याच्या सौंदर्यात आपण इतके रमावे का, की त्या गावांत गुदमरलेली माणसे दिसेनाशी व्हावीत?

दूरचा_पाऊस

अनाहत, प्रश्न योग्य आहे आणि तो टाळायचा नाही. मला वाटते, 'प्रेशर मशीन' हा संग्रह नेमका याच प्रश्नापाशी उभा आहे. त्यातल्या 'टेरिबल थिंग' या गाण्यात तशाच गावातला एक समलिंगी मुलगा जीव देण्याच्या विचारापर्यंत आला आहे. गिटार आणि आवाज, याखेरीज त्यात फारसे काही नाही. स्वतःला मॉर्मन म्हणवणारा, चर्चच्या प्रसिद्धीच्या चित्रफितीतही दिसलेला गायक त्या मुलाच्या तोंडून गातो, आणि त्याच्या दुःखावर कुठलेही धार्मिक औषध लावत नाही. चर्चवर टीका करणारे निवेदन त्याने काढले असते, तर ते दोन दिवसांत विसरले गेले असते. त्या मुलाला गावाच्या गोष्टीत नाव नसले तरी जागा मिळाली, हे मला अधिक मोलाचे वाटते. मात्र तेवढ्याने चर्चच्या धोरणांचा हिशेब चुकता होत नाही, याविषयी मी तुमच्याशी सहमत आहे.

मी मॉर्मन श्रद्धेतला जो विचार सर्वांत जास्त घोळवत राहतो तो कुटुंबाचा आहे. इतर ख्रिस्ती विवाहांत मरेपर्यंत साथ देण्याची शपथ असते. मॉर्मन मंदिरातला विवाह मात्र अनंतकाळासाठी बांधला जातो आणि मृत्यूनंतरही कुटुंब कुटुंबच राहते, असे ते मानतात. समलिंगी मुलाला हीच शिकवण सर्वांत जास्त दुखावते, कारण त्या अनंत घरात त्याच्यासाठी खोली ठेवलेली नाही. आणि पत्नीचे निधन झालेल्या माणसाला हीच शिकवण आधार देते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

मिमी पार्करला कर्करोग झाला आणि ५ नोव्हेंबर २०२२ रोजी ती गेली. त्यानंतर 'लो' संपला. २०२४ मध्ये अ‍ॅलनने जो एकट्याचा संग्रह काढला, त्यात त्याने आपला आवाज यंत्राने इतका बदलला की तो ओळखू येत नाही. ज्या आवाजाशेजारी नेहमी दुसरा आवाज असे, तो एकटा ऐकवणे त्याला सोसवत नसावे, असे मला ऐकताना वाटले. मग २०२५ मध्ये त्याने डुलूथच्याच 'ट्रॅम्पल्ड बाय टर्टल्स' या ब्लूग्रास, म्हणजे कंट्रीच्या कुळातल्या तंतुवाद्यप्रधान शैलीच्या गटाबरोबर संग्रह केला. बँजो, मँडोलिन, फिडल, चेलो आणि मध्ये त्याचा स्वतःचा, न झाकलेला आवाज. एका गाण्यात त्याची मुलगी हॉलिस त्याच्याबरोबर गाते, आईचीच जागा धरून. आधीच्या संग्रहातली काही गाणीही इथे पुन्हा येतात. यंत्राच्या आवाजात जी समजत नव्हती, ती बँजो आणि फिडलच्या साथीने समजू लागतात. दुःखात माणूस आपल्या गावच्या वादकांकडे परत गेला आणि त्यांनी त्याला मध्ये उभे करून आजूबाजूला वाजवले. श्रद्धा म्हणून मला यात जे दिसते ते हे, आणि त्यासाठी मला त्यांचा धर्मग्रंथ मान्य करावा लागत नाही.

नगरी

इथे मी थोडा वेगळा विचार मांडतो. ग्रंथ मान्य न करता केवळ गाणे घेता येते, हे खरे. परंतु क्लेटन यांनी चिखलात बसून 'सर्व काही ठीक आहे' लिहिले, ते त्या ग्रंथातले वचन खरे मानून लिहिले. मरणानंतरही आपली माणसे आपलीच आहेत, हे वाक्य ज्याला केवळ सुंदर वाटते आणि ज्याला ते खरे वाटते, त्या दोघांचे गाणे सारखे निघणार नाही. ऐकणाऱ्याने हा फरक मनात जागा ठेवला, तर गाणे अधिकच खोल जाते, असा माझा अनुभव आहे.

दूरचा_पाऊस

हे मान्य आहे, आणि तुम्ही ते माझ्यापेक्षा नेमके मांडलेत. मी बाहेरून ऐकतो आहे, ही जाणीव ठेवूनच ऐकतो.

ओंजळ

हे सगळे वाचल्यावर नीट क्रमाने ऐकावेसे वाटते आहे. कुठून सुरुवात करू?

पंचमस्वर

ताई, माझे सुचवणे असे. आधी 'कम, कम, ये सेंट्स' याच चर्चच्या टॅबरनॅकल गायकवृंदाच्या आवाजात ऐका. १९२९ पासून दर आठवड्याला प्रसारित होणारा त्यांचा कार्यक्रम आजही चालू आहे. मोठ्या गायकवृंदात चार ओळी कशा वेगळ्या चालतात ते कानात बसू द्या. मग 'लो'चा 'द इन्व्हिजिबल वे', त्यातही मिमीची पाच गाणी आधी. त्यानंतर 'प्रेशर मशीन' गावकऱ्यांच्या बोलांसकट, मधली गाणी न गाळता. आणि ब्लूग्रास गटाबरोबरचा अ‍ॅलनचा संग्रह सर्वांत शेवटी ठेवा, कारण 'लो'तला दुसरा आवाज ओळखीचा झाल्याशिवाय तिथली पोकळी ऐकू येत नाही. शक्यतो हेडफोन लावून ऐका. मिमीचा ब्रश खोलीतल्या पंख्याच्या आवाजात हरवतो.